मंगेशचा हिरवा ठिपका

पोलादपूरच्या त्या हायस्कुलात त्या दिवशी शिकवणं सोडून बाकी सगळं चाललं होतं. ऑफिसच्या दारात चपलांचा ढीग, आत उदबत्त्यांचा धूर, कॉम्प्युटरला झेंडूचा हार आणि पडद्यावर शाळेतल्या कॉम्प्युटरांच्या यादीत मंगेशच्या नावापुढे हिरवा ठिपका. लॅबचा मदतनीस मंगेश तीन वर्षांपूर्वी घाटात दरडीखाली गेला. त्याचा कॉम्प्युटरही पुढं बिघडून भंगारात गेला. तरी गेले काही दिवस रोज साडेदहाला त्याचं नाव 'चालू' दिसत होतं.

अनुपमाबाई कॉम्प्युटर शिकवायला महाडहून यायच्या. आज एसटीत उभ्यानंच आल्या होत्या. हार बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

धोंडू भगत रंगात आला होता. "आला, आला! मशीन गेली, पन जीव वायरीत अडकलाय! बायको जाग्यावर असली की येतो, ती रजेवर गेली की येत नाय. मंग सांगा, कुनासाठी येतो?"

"पूजासाठी!" लोक म्हणाले.

"तिचा पाट लावाल, दुसरं लगीन कराल, तर घरावर दरड येल, सांगून ठेवतो!"

दाराशी उभी असलेली पूजा मंगेशची बायको. त्याच्याच जागी लॅबमध्ये लागलेली. विनीतचं स्थळ तिच्यासाठी सासूनंच, साळूबाईनंच, शोधलं होतं. उद्या होकार कळवायचा होता. आणि ती सासू आता पडद्यापुढून हलत नव्हती.

"माझा लेक हितं येतोय," ती म्हणाली, "आन मी त्याची बायको दुसऱ्याला देऊ?"

बाईंना भगतापेक्षा स्वतःचाच राग आला. यादी साफ करायचं काम त्यांचंच. दरवर्षी मंगेशच्या नावाशी त्यांचं बोट थांबायचं. गेलेल्या माणसाचं नाव पुसायला मन होत नाही कुणाचं. राहू दे, म्हणत ते राहून गेलं आणि आता हा तमाशा.

"साळूबाई, तुमच्या घरचं लाइटबिल कुणाच्या नावावर येतं?"

"सासऱ्यांच्या."

"ते जाऊन किती वर्षं झाली?"

"वीस झाली असतील."

"मग वीज तेच जाळतात का?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. साळूबाई हसली नाही. बाईंनी तिचा हात धरून तिला शेजारच्या लॅबमध्ये नेलं. तिथून उघड्या दारातून ऑफिसातला पडदा दिसत होता.

"हा पूजाचा कॉम्प्युटर. ही मागची नेटवर्कची निळी वायर ओढा."

साळूबाईनं ओढली. पडद्यावरचा ठिपका विझला. तिच्या तोंडून हुंदका फुटला. वायर पुन्हा लावली, तशी क्षणभरानं ठिपका हिरवा झाला.

"आत्मा बुजला व्हता!" धोंडू ओरडला.

"बरं. मग धोंडूभाऊ, तुम्ही पडदा आणि लॅब न बघता भिंतीकडे तोंड करा आणि तो कधी येतो-जातो ते सांगा."

साळूबाईनं तीनदा वायर काढली, तीनदा लावली. धोंडू तिन्ही वेळा चुकला, आणि चौथ्यांदा त्याला अचानक घरचं काम आठवलं.

"प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मंगेशचा नंबर मोकळा झाला, तो गेल्या महिन्यात पूजाच्या नव्या कॉम्प्युटरला मिळाला. यादी बघते नंबर आणि दाखवते जुनं नाव. ते मी पुसलं नाही. चूक माझी आहे."

"म्हंजे इतके दिस पूजाच दिसत व्हती?"

"पूजाच. रोज वेळेवर येऊन काम करणारी."

साळूबाई सुनेकडे बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसून पडद्यापाशी आली.

बाईंनी माऊसला हात घातला.

"थांब गो बाय, कुठं दाबायचं तेवढं दाव. माझा लेक हाय, मीच पुसते."

तिनं पुसलं. मग हार काढून पूजाच्या हातात दिला.

लोक पांगायला लागले. "अहो, ऐकून जा," बाई दमून खुर्चीत बसत म्हणाल्या. "दिवा लागला, तर बटण कुणी दाबलं ते आधी बघत जा. हात काय, मागाहूनही जोडता येतात."

साळूबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती पूजाला सांगत होती, "विनीतला फोन लाव. उद्याची वाट कशाला, आत्ताच सांगू."