फाटकाबाहेर ठेवलेलं भांडण

जुन्या मैदानाला उतार होता, आणि तो साधासुधा नव्हता. सकाळी मधोमध चेंडू ठेवून घरी जावं, तर संध्याकाळी तो ओढ्याकडच्या गोलमध्ये जाऊन निवांत पडलेला सापडे. पाहुणा संघ पहिल्या हाफमध्ये उतारावरून असा घरंगळत येई की त्याला थांबताच येत नसे, आणि मध्यंतरानंतर चढ लागला की त्यांची धाप बाजारापर्यंत ऐकू जाई. आपल्या एका गोलकीपरचा डावा पाय पंधरा वर्षांत उजव्यापेक्षा बोटभर लांब झाला. आता हे सांगतो कोण, तर त्याच्या पँटी शिवणारा टेलर. मग खोटं कशाला असेल?

त्या टेलरला सगळे मास्तर म्हणत. हातात कात्री असली की मास्तर गाईसारखा गरीब, आणि कात्री खाली ठेवली की इंगळासारखा. क्लब जुनं मैदान विकून शहराबाहेर नवं स्टेडियम बांधणार अशी बातमी आली, त्या दिवसापासून कात्री खालीच होती. गिऱ्हाइकांचे कपडे टाचण्या लावलेलेच पडून राहिले. एक जण तर टाचण्यांसकट पँट घालून कचेरीत गेला आणि दिवसभर उभ्यानं काम करून साहेबांची शाबासकी घेऊन आला.

मास्तरच्या रागाला कारण होतं, आणि ते उताराचं नव्हतं. मैदान गेलं की त्याचा थोरला भाऊ जाणार होता.

हा थोरला भाऊ, म्हणजे दादा, नळांची कामं करायचा. बापाच्या घराची दोन घरं झाली तेव्हा मधली भिंत त्यानं स्वतः समोर उभं राहून बांधून घेतली, आणि अंगणातला नळ नेमका त्याच्या बाजूला गेला. "नळ माझ्याकडे आला त्याला मी काय करू? तो माझ्याच धंद्यातला आहे," दादा म्हणाला. मास्तर कात्री उचलून कामाला लागला. पुढे पुतणीचं लग्न निघालं, तेव्हा त्यानं दादाचा कोट आपण होऊन शिवायला घेतला. ऐन लग्नात कोटाची डावी बाही दोन बोटं आखूड भरली. दादा दिवसभर डावा हात पाठीमागे घेऊन फिरला. व्याह्यांना वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

"मुद्दाम केलंस," दादा म्हणाला.

"माप बरोबर होतं. तूच वाकडा उभा राहतोस," मास्तर म्हणाला.

त्या दिवसापासून अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. बोलायचे ते फक्त मैदानावर.

कारण मैदानाचा एक नियम होता. फाटकावर तिकिटं फाडायला एक मावशी बसायची. तिचा आवाज असा की रेल्वेनं तिला भोंग्याच्या जागी नोकरी द्यायला हवी होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच वाक्य ऐकवायची: "भांडणं बाहेर ठेवा. आत फक्त रेफरीशी भांडायचं." आणि लोक ठेवायचे. घरमालक आणि भाडेकरू एका कागदातले दाणे खायचे. काडीमोड घेतलेलं एक जोडपं दर सामन्याला एका छत्रीत उभं राहायचं आणि बाहेर पडलं की दोन दिशांना जायचं. आणि नवव्या पायरीवर, गोलच्या मागे, मास्तर आणि दादा खांद्याला खांदा लावून बोलत सुटायचे. दोघांच्या पावलांचे चार खड्डे त्या पायरीला पडले होते. पाऊस पडून गेला की चिमण्या त्यात आंघोळी करत.

फाटकाबाहेर पाय पडला की बोलणं बंद. वाक्य अर्धं असलं तरी बंद. एकदा दादा म्हणाला, "डॉक्टरकडे गेलो होतो. तो म्हणाला की" आणि तेवढ्यात गर्दीच्या लोंढ्यानं दोघांना फाटकाबाहेर ढकललं. मास्तरला पंधरा दिवस अन्न गोड लागलं नाही. त्यानं भिंतीला कान लावून दादाचा खोकला मोजला. पुढच्या सामन्याला पायरीवर चढता चढता दादानं वाक्य पुरं केलं, "मीठ कमी करा."

तर असा हा मामला. क्लबनं एका सभागृहात चाहत्यांना बोलावलं. कोट घातलेला एक अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवत होता. मास्तरचं लक्ष चित्रांपेक्षा त्याच्या कोटाकडे जास्त होतं, कारण खांदे तयार कपड्यांच्या दुकानातले होते.

"प्रत्येकाला स्वतःची खुर्ची," अधिकारी म्हणाला. "नंबर असलेली. मऊ."

"आम्ही बसायला येत नाही," मास्तर उभा राहून म्हणाला.

"काका, वयोमानानं..."

"वय माझं आहे, ते मी बघतो. मला एवढंच सांगा, तिथे भांडणं कुठे ठेवायची?"

अधिकाऱ्यानं कागद चाळले. "बाहेर सामानाची खोली आहे, काका. तीस किलोपर्यंत ठेवता येईल."

सभागृह हसलं. मास्तर हसला नाही. "माझं अकरा वर्षांचं आहे," तो म्हणाला. "तुमच्या तीस किलोत मावणार नाही." आणि खुर्चीला लाथ मारून बाहेर पडला. खुर्ची लोखंडी होती. तो आठवडाभर लंगडत होता आणि त्याचाही राग त्यानं क्लबच्याच नावावर टाकला.

जुन्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला लोक पायऱ्यांचे तुकडे, जाळीचे दोरे, असलं काय काय घरी घेऊन गेले. मास्तरनं काही घेतलं नाही. तो दादाला म्हणाला, "तिकडे बोलशील ना?"

"तिकडचं तिकडे बघू," दादा म्हणाला.

"तिकडचं तिकडे म्हणजे काय?"

पण फाटक आलं होतं.

नव्या खुर्च्यांचा अर्ज दोघांच्या बायकांनी मिळून भरला. त्या दोघींचं भांडण कधी नव्हतंच. भिंतीवरून त्यांची वाटी, भांडी, बातम्या सगळं इकडून तिकडे व्हायचं. "शेजारशेजारच्या घेतल्यात," बायकोनं मास्तरला सांगितलं. "आता डोकं थंड ठेवा."

"डोक्याचं मी बघतो. त्या क्लबला सांग, आधी आमची पायरी परत करा."

"मी सांगू? मी काय क्लबची आत्या आहे?"

पहिल्या सामन्याला मास्तर दोन बस बदलून सात किलोमीटरवर गेला. फाटकावर मावशी नव्हती. एक यंत्र होतं. त्याला तिकीट दाखवलं की ते टुंग करायचं आणि गोड आवाजात "आपलं स्वागत आहे" म्हणायचं. मास्तर त्याच्यासमोर उभा राहिला. "आणखी काही म्हणायचं नाही का?" त्यानं विचारलं. यंत्र म्हणालं, "आपलं स्वागत आहे." मागची रांग खवळली.

आत मैदान असं सपाट की इस्त्री फिरवल्यासारखं. मास्तरचा पारा ते बघूनच चढला. खुर्चीवर बसला, तर खुर्ची इतकी मऊ की माणूस बसतो की बुडतो ते कळेना. दादा आला. शेजारी बसला. हात मांडीवर, नजर समोर.

"दादा," मास्तर म्हणाला, "तो नवा डावखुरा कसा वाटतो?"

दादा गप्प.

"पाय भरून आले का बसमध्ये?"

दादा गप्प. मग तो पलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या एका बाईंकडे वळला. बाई परक्या होत्या, चष्मा पुसत होत्या. "ताई, यांना एवढं सांगा," दादा म्हणाला. "फाटकावर माझं भांडण कोणी ठेवून घेतलं नाही. त्यामुळे ते मी सोबत आणलंय."

बाईंनी चष्मा लावला, दोघांकडे पाहिलं, आणि मास्तरला म्हणाल्या, "ते म्हणतात, त्यांचं भांडण..."

"ऐकलं मी," मास्तर म्हणाला. "बहिरा नाही."

पहिला हाफ असा गेला की त्यापेक्षा दातदुखी बरी. आजूबाजूचे लोक पडद्यावर 'टाळ्या' अक्षरं आली की टाळ्या वाजवायचे आणि अक्षरं गेली की थांबायचे. रेफरीनं आपला चांगला गोल नाकारला. जुन्या मैदानावर याला मावशीनंच फाटकात गाठलं असतं. इथे कोणीतरी 'अरेरे' म्हणालं, तेही हळू. मास्तरचा क्लबवर राग, यंत्रावर राग, खुर्चीवर राग, आणि ते सगळे राग फिरून फिरून शेजारी येऊन बसत होते, कारण शेजारी तो बसला होता, हात मांडीवर ठेवून, सरळसोट.

मध्यंतरानंतर समोरच्या संघानं गोल केला. मास्तर ताडकन उभा राहिला आणि त्याचा तोल सुटला.

"बोल काहीतरी," तो दादावर ओरडला. "नळ घेतलास, घे. भिंत तुझ्या मनासारखी घातलीस, घाल. नव्वद मिनिटं होती माझी, तीही यांनी विकली, आणि तू इथे पुतळ्यासारखा बसलास. त्या यंत्राच्या भरवशावर? अरे, यंत्रानं सांगितलं नाही म्हणून भाऊ बोलत नाही?"

दादा उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "बाही मुद्दाम आखूड केलीस," तो म्हणाला. "आधी ते कबूल कर."

"केली," मास्तर म्हणाला. "कापतानाच केली. दोन बोटं. मोजून."

पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या.

"केलीस ना? मग मला वाकडा का म्हणालास?" दादाचा आवाज इतका चढला की समोरच्या गोलकीपरनं वर पाहिलं. "अकरा वर्षं, मेल्या, अकरा वर्षं रोज सकाळी मी आरशासमोर सरळ उभा राहतो. तुझी वहिनी म्हणते, पाठीत उसण भरेल. भरली. नळाखाली वाकलो की वाटतं, लोक बघतायत, वाकडा माणूस चालला. बाही मी विसरलो असतो. वाकडा म्हणालास ते नाही विसरलो."

मास्तरला हे माहीत नव्हतं. पण राग असा एकदम ओसरत नाही, विशेषतः आपली चूक निघाली की. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? नव्वद मिनिटं असायची दर वेळी."

"आत भांडायचं नाही असा नियम होता."

नियम खरा होता, म्हणून मास्तर आणखी जोरात ओरडला.

निळा शर्ट घातलेला सुरक्षारक्षक पायऱ्या उतरून आला. "काका, उभं राहता येणार नाही. मागच्यांना दिसत नाही."

"आम्ही भांडतोय, दिसत नाही का?" दादा म्हणाला.

"घरी भांडा ना."

"घरी आम्ही बोलत नाही," दोघं एकदम म्हणाले.

रक्षकानं वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी पुस्तक पाहिलं. पुस्तकात 'भाऊ' असं काही नव्हतं, 'गैरवर्तन' होतं. दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं. चष्म्याच्या बाई मागून म्हणाल्या, "अहो, त्यांचं संपू तरी द्या." आता कुठे सामना रंगला होता, असं त्यांचं म्हणणं.

बाहेर गाड्यांचा पसारा आणि त्यापलीकडे महामार्ग. बस सामना संपल्याशिवाय सुटणार नव्हती. दोघं चालायला लागले, आणि तोंडं चालूच होती. पहिल्या किलोमीटरला नळ झाला. दुसऱ्याला बापाच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं ते झालं. त्यात दोघांनी मिळून इतक्या रात्री सांगितल्या की बाप दीड वर्ष आजारी असायला हवा होता, होता पाच महिने. तिसऱ्याला मागून स्टेडियममधून मोठा आवाज आला.

"गोल झाला. आपला," दादा म्हणाला.

"आपला कसा? तो काय आपला आवाज आहे? टाळ्यांची पाटी लागली असेल."

"आपलाच."

"तुला आधीपासून ते स्टेडियम आवडलंय."

"मला? मी त्या अधिकाऱ्याच्या घरचा नळ दुरुस्त करायला नाही म्हणालो. तू काय केलंस? खुर्चीला लाथ मारलीस आणि स्वतःचाच पाय मोडून घेतलास."

"तुला कोणी सांगितलं?"

"तू लंगडत होतास. मला डोळे आहेत."

सूर्य कलता कलता दोघं घरापाशी पोहोचले. घसे बसले होते. दोन्ही दारांत बायका उभ्या होत्या. बस सोडून हे चालत कसे आले, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर होतं. पण दोघं रस्त्यावरच उभे राहून एकमेकांकडे बोट दाखवत होते, आणि अकरा वर्षांत प्रथमच फाटकाच्या बाहेर त्यांचा आवाज ऐकू येत होता. वहिनीनं आत जाऊन पाण्याचे दोन तांबे आणले आणि मध्ये न बोलता दोघांच्या हातात दिले. दोघं प्यायले. पिऊन झाल्यावर दादा म्हणाला,

"माझं अजून संपलेलं नाही. सकाळी येतो."

"सहालाच ये. माझंही बरंच राहिलंय."

"सहाला तू उठतोस का कधी?"

"ये तर खरं."

सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना मास्तरच्या दारावर मूठ आपटली, आणि कडी निघायच्या आत बाहेरून आवाज आला, "मी काय म्हणत होतो..."