एकाच खान्यातला क्लोरीन

“वजन अलग हाय, तं खानाबी अलगच पायजे ना,” आई म्हणाली, आणि बोंडातला कापूस कमरेच्या ओटीत टाकून पुढच्या झाडाकडे सरकली.

मला हसू आवरेना. उद्या आईची दहावीची विज्ञानाची तोंडी, आणि सरावाच्या पेपरात तिने पस्तीस वजनाचा क्लोरीन आवर्तसारणीच्या एका खान्यात अन् सदतीसचा दुसऱ्यात मांडलेला! एकोणीस वर्षांपूर्वी ती विज्ञानातच नापास झाली, मग लग्न, मग मी. यंदा तिने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मीही दहावीतच, म्हणून तिची मास्तरीण मी.

शेजारच्या ओळीत वेचणाऱ्या इंदूबाईनं विचारलंच, शीले, आता पोरीच्या बाकावर बसून राह्यली का? बाया हसल्या. आई हसली नाही.

“मले नाही जमत,” ती हळूच म्हणाली. “उद्या मी जात नाही.”

मला माझ्याच हसण्याचा राग आला. मी सांगितलं, मूलद्रव्यं वजनानं मांडली होती तेव्हा मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हेच कोडं पडलं होतं. मग दोन बोंडं तोडून तिच्या हातात दिली. दोन्ही चार पाकळ्यांची, म्हणजे चार कप्प्यांची. पाकळ्या म्हणजे प्रोटॉन, आतली सरकी म्हणजे न्यूट्रॉन, आता मोज.

तिनं कापूस उकलून सरकी मोजली. एकात अठ्ठावीस, दुसऱ्यात तीस. मग दोन्ही बोंडं तिनं एकाच तळहातावर शेजारी शेजारी ठेवली.

“म्हंजे सरकी वाढली तं वजन वाढते,” ती म्हणाली. “पाचवी पाकळी आली तरच खाना बदलते.”

हे मी शिकवलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेच्या खोलीच्या खिडकीशी उभी. सरांनी नेमकं समस्थानिकांचंच विचारलं. आईनं रुमालातून दोन नवी बोंडं काढली आणि सरांकडे खडू मागितला. बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेल्या हातानं तिनं टेबलावर एक चौकोन काढला, दोन्ही बोंडं त्यातच ठेवली आणि न अडखळता सगळं सांगितलं. पाकळ्या तेवढ्याच, म्हणून क्लोरीन तोच, वागणूक तीच. फरक फक्त वजनात.

मग ती उठली, पदर सारखा केला आणि बाहेर आली. बोंडं तिथंच राहिली.

पुढचा मुलगा आत गेला. सरांनी त्याची वही घेतली आणि चौकोन पुसला जाऊ नये म्हणून टेबलाच्या कडेला ठेवली.