सत्तावीस नंबरचा पाळणा

"बेचाळीस," वेंडेलिन काचेआडून म्हणाला.

"बेचाळीस म्हणजे काहीच नाही," मी तिकीट-खिडकीतून ओरडले. "बेचाळिसात तू शाळेच्या सहली वर धाडतोस."

बेचाळीस म्हणजे तिसऱ्या खांबावरचा वारा, तासाला किलोमीटर. साठ झाले की दोर थांबवायचा, असा नियम. रोपवेच्या खालच्या स्टेशनात गेली चौतीस वर्षं तो आकडा वेंडेलिन वाचतो आणि तिकिटं मी फाडते. पाळणा सुटला की तो कपाळाशी दोन बोटं नेतो. आत मंत्री असो की गुरांचा डॉक्टर, बोटं दोनच. माझ्या हिशेबाने त्याने चाळीस लाख माणसं तरी शिखरावर पोचवली असतील. त्यांत त्याची बायको नोटबुर्गा, आमची बुर्गी, नाही.

यात नवल काही नाही. आमच्या गावातल्या निम्म्या बायका वर गेलेल्या नाहीत. पाहुणे वर जातात तेव्हाच त्यांच्या खोल्या झाडायच्या असतात. बुर्गीकडे पाहुण्यांच्या चौदा खाटा होत्या. "वर काय आहे? दगड," ती म्हणायची. "ते माझ्या परसातही आहेत." मग फुप्फुसांनी दगा दिला, खाटा बंद झाल्या, आणि एक दिवस ती म्हणाली, "ते दगड एकदा बघायचेत."

डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, पाव तास, आणि नाकात प्राणवायूची नळी. सोमवारी मुलगी तिला कायमची शहरात न्यायला येणार. रविवारपासून रोपवे दुरुस्तीसाठी तीन आठवडे बंद. उरला होता तो हा शनिवार.

तशी ती मंगळवारीही आली होती. वारा नव्हता, पण वर धुकं होतं. वेंडेलिननेच तिला परत पाठवलं. "इतकी वर्षं थांबलीस, आता काय ढगात कोंबू तुला? स्वच्छ दिवस येऊ दे."

या दरीत जन्मलेल्या माणसाने असं बोलावं! शरदातला स्वच्छ दिवस म्हणजे वादळी दक्षिणवाऱ्याची वर्दी. हात लावावा इतकी शिखरं जवळ दिसली की समजावं, तो निघाला. हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक असतं. पण माणूस बायकोला काही दाखवायला निघाला, की त्याची अक्कल पाहुण्यांसारखी होते.

शुक्रवारपर्यंत धुकं हललं नाही. शनिवारी शिखरं अगदी नाकाशी आली होती.

बुर्गी दहाला आली. डोक्यावर चर्चला जायची तपकिरी टोपी, मागे चाकांवरची प्राणवायूची बाटली, हातात डुकराच्या मांसाचे काप घातलेल्या काळ्या पावाचं पुडकं.

"ट्राउडल, तिकीट दे. खिडकीजवळचं."

"सगळ्या खिडक्याच आहेत गं."

"मग सगळ्या दे."

चढायला सोपं जावं म्हणून वेंडेलिनने सत्तावीस नंबरचा पाळणा बाजूच्या रुळावर घेतला होता. तिला बसवलं, बाटली मांडीशी टेकवली, नळी सरळ केली. मग तो आकडा बघायला गेला.

"पंचावन्न."

"सोड की," बुर्गी आतून म्हणाली. "सात मिनिटांचा तर रस्ता."

"अठ्ठावन्न."

"साठ झालेले नाहीत," मी म्हटलं.

तो पाळण्याच्या दाराशी आला. "बाटली किती पुरेल?"

"चाळीस मिनिटं."

"गेल्या साली दोर अडकला तेव्हा माणसं दोन तास लटकत होती."

"अठ्ठावन्नला तू लोकांना पाठवतोस, वेंडेल."

"पाठवतो," तो म्हणाला. "लोकांना."

तो परत काचेआड गेला. पुढचा आकडा त्याने मोठ्याने वाचला नाही. मी उठून पाहिला. त्रेसष्ट होता.

आता वर गेलेल्यांना उतरवायचं आणि दोर थांबवायचा. सकाळपासून अकरा जण गेले होते. माझ्या कागदावर अकरा रेघा होत्या. दोर संथ केला, एकेक पाळणा डुलत खाली आला. शेवटच्यात उत्तरेकडच्या सपाटीवरचं एक म्हातारं जोडपं होतं. त्यातल्या बाईंचे गाल लाल झाले होते.

"अहो, काय दिसतं म्हणून सांगू वरून!" त्या बुर्गीला म्हणाल्या. "जाऊनच या तुम्ही."

"जाते की," बुर्गी म्हणाली.

अकरावी रेघ खोडली. वेंडेलिनने लाल बटण दाबलं. दोराची घरघर थांबली तसा पत्र्यावरचा वारा ऐकू यायला लागला.

खिडकीशी एक गृहस्थ आले. "इतकं स्वच्छ आकाश आणि बंद?"

"स्वच्छ आहे म्हणूनच," मी म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

वेंडेलिन पाळण्याशी उभा होता. टोपी काढून हातात धरलेली. "मंगळवारी..." तो म्हणाला.

"मंगळवारी धुकं होतं," बुर्गी म्हणाली. तिने पुडकं उघडून त्याला अर्धा पाव दिला. तो दाराच्या पट्टीवर बसला. दोघांनी पाव खाल्ला. शिखरं समोरच होती, एकेक घळ मोजता यावी इतकी.

मग तो उठला. "उतर आता. वारा आहे, पाळणे शेडमध्ये लावायचेत."

"मग मला बसूनच ने."

"साठ पावलं आहेत फक्त, बुर्गी."

"असू देत."

त्याने दार ओढून घेतलं, कडी तपासली, नेहमी तपासतो तशी. बाजूच्या रुळावरचे पाळणे हातानेच ढकलायचे असतात. त्याने खांदा लावला. पाळणा जरा डुलला आणि सरकला. बुर्गीने टोपी सारखी केली, पाठ ताठ केली, आणि माझ्या खिडकीसमोरून जाताना पाहुणे करतात तसा हात हलवला.

वेंडेलिनचे दोन्ही हात ढकलण्यात गुंतले होते. म्हणून कपाळाशी दोन बोटं मी नेली.