उपाशीपोटी लायपेज

लाँड्रीत डाग काढणारे डागमामा दीड महिन्यात असे काही वाळले, की चादरी दोरीवर टाकताना मामी त्यांनाही दोन चिमटे लावायची. खोटं वाटत असेल तर वारा सुटल्यावर बघायला यायचं होतं!

खाणं मात्र चौघांचं. लोणी, अंडी, तळलेलं, सगळं आत जायचं आणि जसंच्या तसं बाहेर. संडासात तेलाचा तवंग, तीन बादल्या ओतल्या तरी हटायचा नाही.

डॉक्टरांनी समजावलं होतं, "पोटामागे स्वादुपिंड असतं. त्यातून लायपेज येतं, ते चरबी फोडतं. फोडली की अंगी लागते. तुमचं कमी पडतंय, म्हणून ही कॅप्सूल. पहिल्या घासाबरोबर घ्या."

मामांनी मान डोलावली. पण औषध म्हणजे उपाशीपोटी, हा त्यांचा बाणा. पहाटे उठून कॅप्सूल, दोन तासांनी न्याहारी.

इकडे मालकीणबाईंनी महिन्याची मुदत दिली. "ओल्या चादरींचं गाठोडं एकट्यानं उचललंत, तर डागांचं टेबल तुमचं. नाहीतर काउंटरवर बसून कपड्यांना बिल्ले लावा."

काउंटर! वीस वर्षं डागांशी झटापट केलेल्या माणसाला ते परवडणार होतं? मामा बसेनात, उभे राहीनात. दर तासाला काट्यावर चढायचे, उतरायचे, काट्यालाच शिव्या घालायचे.

त्याच घाईत एका सकाळी त्यांनी हौदात तेलाचे डाग खाणारी पावडर टाकली, पाणी फिरवलं, बूच काढलं आणि मग तुपकट टेबलक्लॉथ आत लोटले. दुपारी बाहेर काढले, तर डाग जागच्या जागी.

इस्त्री करणारी मामी हसून लोळायची बाकी. "अहो, पावडर कुणाला घातलीत? हौदाला?"

"पावडरच भिकार!"

"पावडरीला दोष देऊ नका. तेल येण्याआधीच तिला गटारात धाडलंत, ती बिचारी फोडणार कुणाला?"

मामा तोंड उघडणार, तेवढ्यात मामीचीच इस्त्री हवेत थांबली.

"पहाटेची कॅप्सूल... ती तरी कुणाला घालता हो?"

मामांचा चेहरा पांढराफटक. "डॉक्टरला सांगू नकोस."

"आधी जेवायला बसा!"

त्या दिवसापासून मामी समोर बसायची. पहिला घास तोंडात, की कॅप्सूल आत. चौथ्या दिवशी ते संडासातूनच ओरडले, "अगं, तवंग नाही!" शेजारच्या तीन घरांना कळलं.

वजन मात्र मुंगीच्या पावलांनी. महिना भरला तेव्हा जेमतेम दोन किलो. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. मामांनी गाठोड्याला मिठी घातली. गुडघ्यापर्यंत आलं, तिथंच अडलं. मग मामांनी दात खाऊन असा काही हिसका दिला, की गाठोडं टेबलावर आणि मामा गाठोड्यावर.

"उतरा आता," मालकीणबाई म्हणाल्या, "त्या चादरीला ग्रीस लागलंय. बघा, निघतंय का."