टाकीची काळी खोळ

आमच्या घरात सध्या कोण खोटं बोलतंय, हेच मला कळेनासं झालंय. मासे तर बोलत नसणार.

लेक शिकायला लांब गेली आणि तिची माशांची टाकी माझ्या गळ्यात पडली. टाकी बैठकीत, सासऱ्यांच्या शिलाई मशीनशेजारी. पाणी बदललं, काच घासली, माशांचं खाणं निम्मं केलं, तरी शेवाळ पुन्हा हजर. दुकानदार म्हणाला, "उजेड जास्त होतोय. टाकीवरचा दिवा बंद करा आणि टाकी थोडे दिवस झाकून ठेवा." सासऱ्यांनीच काळ्या अस्तराची खोळ शिवून दिली. माप अगदी चोख, पण शिवण पांढऱ्या दोऱ्याची! जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. मी आपलं हसण्यावारी नेलं.

शेवाळ काही हटेना. संध्याकाळी कामावरून येऊन खोळ काढावी, तर पाणी हिरवंगार आणि दिवा हाताला कोमट.

"दिवा तुम्ही लावता का हो?" मी नवऱ्याला विचारलं.

"मी तुझ्या आधी घरातून निघतो, बाई. तूच विसरत असशील."

मी विसरते? बंद केल्याचं स्पष्ट आठवत होतं, पण हळूहळू माझीच मला खात्री वाटेना.

शेवटी वैतागून जाहीर केलं, "रविवारी टाकी शेजारच्यांना देऊन टाकणार."

सासऱ्यांच्या हातातली कात्री थांबली. "राहू दे ना गं. मला नाही तिची अडचण होत."

"मासे कधीपासून एवढे लाडके झाले, बाबा?"

त्यांनी पुन्हा कात्री चालवायला घेतली. मी आणखीच गोंधळले.

शनिवारी लवकर सुटले. दार उघडून बघते तर खोळ खुर्चीवर, दिवा लख्ख, आणि सासरे टाकीला नाक लावून दिव्यासमोर धरलेल्या सुईत दोरा ओवू बघतायत.

म्हणजे चोर हे! मी कडाडले, "अहो बाबा, भर दुपारी दिवा कशाला?"

ते दचकले. मग ओशाळं हसून म्हणाले, "हल्ली खोलीत अंधारच असतो गं. ते पडदे जरा उघडशील?"

पडदे उघडेच होते. ऊन त्यांच्या मांडीवर आलं होतं.

खिडकीपाशी जाऊन मी पडद्याच्या कड्या उगाचच खुळखुळवल्या. "उघडले हं, बाबा."

"हां, आता कसं छान दिसतंय," ते म्हणाले, आणि त्यांनी दोरा सुईच्या बाजूने हवेत ओवला.