झेनोनने बॅगेत भरलेली भिंत

मी पारावान बोलतोय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका, आमच्या पोलंडात शेंबडं पोरही मला ओळखतं. समुद्रकाठच्या वाळूत खुंट ठोकून त्यांवर ताणलेलं रंगीत पट्ट्यांचं लांबलचक कापड, तो मी. वारा अडवायला मला जन्माला घातलं. पण माणसाच्या हाती अडवायची वस्तू आली की तो वाऱ्याच्या आधी शेजाऱ्याला अडवतो, हे मी पहिल्याच उन्हाळ्यात शिकलो.

माझा जन्म तार्नुफ गावात, लुद्विकाच्या शिलाई मशीनवर झाला. लुद्विकाला घरी लुद्का म्हणतात. तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं. आरामखुर्चीला लावतात तसलं जाड सुती कापड होतं, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं. तिचा नवरा झेनोन मशीनपाशी उभा राहून हुकूम सोडत होता.

"अजून लांब कर."

"अरे, समुद्रावर जायचंय की किल्ला बांधायचाय?"

"लांब कर म्हणतो ना!"

तिनं हसत हसत आणखी एक तुकडा जोडला. चेष्टा कळायला थोडी अक्कल लागते, ती झेनोनकडे तेव्हाही नव्हती.

मग दर उन्हाळ्यात आमची वरात मिएल्नोच्या किनाऱ्यावर. सगळी दुनिया झोपलेली असताना हा शूरवीर लाकडी हातोडा घेऊन वाळूत उतरायचा. पाण्याच्या अगदी कडेला चारी बाजूंनी मला ठोकून उभा करायचा आणि परत जाऊन झोपायचा. आत कोणीही नाही, फक्त जागा अडवलेली. पुढे उन्हं वर आली की आम्ही सगळे पारावान एकमेकांना खेटून उभे. मग सुरू व्हायचा रोजचा तमाशा.

"ओ काका, तुमची भिंत माझ्या चटईवर आलीय!"

"मी पहाटेपासून इथं आहे."

"तुम्ही कुठं, तुमचं फडकं होतं! समुद्र काय बापजाद्यांनी ठेवलाय तुमच्या?"

"जागा हवी तर लवकर उठायचं!" एवढं बोलून झेनोन उकडलेलं अंडं सोलायला बसायचा. भिंतीच्या आत तो, त्याचं पोट, काकडीच्या लोणच्याची बरणी आणि लुद्का.

मैलोन् मैल प्रवास करून समुद्राला यायचं आणि समुद्राकडे कापड लावून बसायचं! मी कापड असून मला हे कळतं. एकदा लुद्का हळूच म्हणाली, "झेनोन, मला समुद्र दिसत नाही."

"ऐकू येतोय ना?" तो अंड्याला मीठ लावत म्हणाला.

ती उठून उभी राहिली की समुद्र दिसे. पण लगेच, "बस गं, वारा येतो." ती बसायची आणि माझे पट्टे बघायची. तिनंच शिवलेले. अशी तिची सारी वर्षं गेली. मला तेव्हा त्याची खंत नव्हती, उलट मी ताठ उभा असायचो. भिंतीलाही माज असतो.

यंदा त्यांच्या मुलीनं, कालिनानं, आईबापांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला झांझिबार बेटाची सहल दिली. बाहेर गुडघाभर बर्फ आणि ही दोघं पोहायचे कपडे शोधतायत! झेनोननं मला तळघरातून वर आणून झटकलं, तेव्हा लुद्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"हे नाही न्यायचं."

"अगं, समुद्रच आहे ना तो?"

"म्हणूनच. झेनोन, आयुष्यात एकदा मला बसून समुद्र बघायचाय. हे आलं तर मी येणार नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. म्हणून झेनोन घाबरला. "बरं बाई, नाही नेत," म्हणाला आणि मला परत तळघरात टाकून आला.

लुद्कानं आपलं सामान भरलं. ते तरी किती? निळा पोहायचा पोशाख, गवती टोपी, एक झुळझुळीत फ्रॉक, एक जोड चपला. मुठीत मावेल एवढी हौस! आणि झेनोनचं सामान? गरम बेटावर जाणाऱ्या या शहाण्यानं लोकरी स्वेटर घेतला, दोन जोड जाड मोजे घेतले, कलेजीच्या वाटणाचे डबे घेतले, वाळवलेल्या सॉसेजची माळ घेतली, ताप मोजायची कांडी घेतली आणि पाणी उकळायची तार घेतली. "तिथलं पोटाला सोसायचं नाही," म्हणाला. पोट बघितलंत तर तुम्हीही विचाराल, याला न सोसलेलं असं काय उरलंय?

निघायच्या दिवशी लुद्का शेजारणीकडे कुंड्या ठेवायला गेली. तेवढ्यात हा करवत घेऊन तळघरात हजर. माझे खुंट त्यानं मधोमध कापले आणि पत्र्याच्या नळ्या बसवून पुन्हा जोडायची सोय केली. एवढी मेहनत यानं संसारात कधी केली असती तर! मग खुंट आणि हातोड्यासकट माझी घडी बॅगेत घातली. वजन जास्त भरलं. त्यानं डब्यांकडे बघितलं, सॉसेजकडे बघितलं, मग लुद्काच्या बाजूला हात घातला. निळा पोशाख, टोपी, फ्रॉक, चपला, सगळं बाहेर आलं आणि पलंगाखाली गेलं.

लुद्का परतली. प्रवासाला निघण्याआधी घटकाभर खाली टेकायचं, अशी आमच्याकडे रीत आहे, म्हणजे प्रवास नीट होतो. लुद्का खुर्चीवर टेकली. झेनोन बॅगेवर बसला. चेनसुद्धा नीट लागत नव्हती ना!

विमान उतरल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे लोक वाजवतात. वैमानिकानं विमान जमिनीवर आणलं याचंही यांना नवल.

खोलीत बॅग उघडली आणि सगळ्यांत वर मी. लुद्कानं मला उचललं, खाली चाचपलं, मग आणखी खाली.

"माझे कपडे कुठायत?"

"वजन जास्त झालं होतं गं. इथं मिळेल की काहीतरी."

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पट्ट्यावर पडलं. तो पट्टा तिनं नवी नवरी असताना शिवला होता. मला झेनोनची किळस आली. माझीही थोडी आलीच, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या पहाटे हा हातोडा घेऊन निघालाच. किनारा मोकळा होता. जागा अडवायला समोर प्रतिस्पर्धी नाही, आणि वारा असा की झाडाचं पान हलेल तर शपथ! पण सवयीला औषध नाही. पाणी लांबवर गेलेलं. हा चालत चालत पार पाण्यापाशी गेला, मला चौकोनी ठोकलं, छाती फुगवून बघितलं आणि न्याहारी करून झोपायला गेला.

आता आमचा पोलंडचा समुद्र बिचारा घरकोंबडा, जिथं असतो तिथंच दिवसभर असतो. भरती-ओहोटी म्हणजे काय हे झेनोनच्या सात पिढ्यांना माहीत नव्हतं. सूर्य वर आला तसा समुद्र निघाला. आधी माझे पाय भिजले, मग कंबर. कापलेले खुंट ते, किती टिकणार? पत्र्याच्या नळ्या एकेक निसटल्या आणि मी आडवा झालो. जन्मभर पाण्याच्या कडेला उभा राहिलो होतो, भिजलो मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

काठावर झेनोन नाचत होता. "लुद्का! अगं वाहून चाललं! मला पोहता येत नाही, तू जा ना!"

लुद्का अंगावरच्या प्रवासाच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली. मकामे नावाचा एक कोळी आपली होडी डागडुजीला काठावर लावत होता, तोही धावला. दोघांनी मला ओढून वाळूवर आणलं. मकामे काहीतरी म्हणाला, ते कोणालाच कळलं नाही. आता मला त्याची भाषा येते म्हणून सांगतो. तो म्हणाला होता, "बाई, समुद्रात भिंत कोणी घातली?"

मग त्यानं माझं कापड चिमटीत धरून बघितलं आणि आपल्या होडीच्या शिडाकडे बोट केलं. शीड मधोमध फाटलेलं होतं. लुद्कानं मान हलवली.

"ए, माझं आहे ते!" झेनोन किंचाळला. "त्याला सांग, माझं आहे!"

"शिवलं कोणी होतं?"

"तू."

"मग माझं आहे."

झेनोन वाहून आलेले खुंटांचे तुकडे गोळा करायला लागला.

सुई-दोरा तिच्या हातातल्या पर्समध्ये कायम असायचा, झेनोनचा हात तिथवर पोचला नव्हता. मी सुकल्यावर ती होडीच्या काठाला टेकून बसली. खुंट ओवायला शिवलेल्या खोळी तिनं उसवल्या आणि मला फाटक्या शिडाला जोडलं, घट्ट, बारीक टाक्यांनी. काम झाल्यावर मकामेनं होडीत चढायची खूण केली.

"येतोस?" तिनं झेनोनला विचारलं.

"मग इथं सामान कोण बघेल?"

"कसलं सामान?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. हातोडा आणि खुंटांचे तुकडे, बाकी मोकळी वाळू. तरी तो बसला, सामान राखत. लुद्का पाठ वळवून होडीत बसली. एव्हाना वारा सुटला होता, मकामेनं शीड चढवलं. मी वारा अडवायच्या तयारीनं ताठ झालो आणि त्या वाऱ्यानंच मला पोटभर फुगवलं. होडी निघाली. लुद्का बसूनच होती, आणि तिच्यासमोर समुद्रच समुद्र.

ती दोघं केव्हाच परत गेली. मी मकामेपाशी आहे, मासळीचा वास अंगात मुरलाय, उन्हानं हिरवा पट्टा पांढरा पडलाय. रोज काठावर तुमच्यासारखे पाहुणे उतरतात, बॅगा ओढत, घाम पुसत, आणि त्या बॅगांतून घरच्या सगळ्या भिंती बाहेर निघतात. मला हसू येतं. बाबांनो, बॅग भरताना माझ्यासारखं काही हाती लागलं, तर तळघरातच राहू द्या. आणि घरच्या बाईचा निळा पोशाख बॅगेतून काढू नका, एवढं तरी कराल?