एकशे दहावा रेखांश

पेन्सिलीच्या टोकाखाली सिंगापूरचा ठिपका पार झाकला जात होता — टोक उचललं की दिसायचा, टेकवलं की नाहीसा... मृणालिनी बराच वेळ नकाशावर हेच करत होती. समोर लॅपटॉपवर मार्लीस, तिच्या पीएचडीची मार्गदर्शक. युट्रेख्टचं विद्यापीठ कोविडमुळे बंद, त्यामुळे चार वर्षांच्या कामाचा निकाल आज जेवणाच्या टेबलावर लागायचा होता.

"प्रकरण उत्तम आहे," मार्लीस म्हणाली. "फक्त शेवटचं वाक्य काढ."

ते वाक्य... १९२२ साली वॉशिंग्टनला बड्या आरमारी सत्तांनी करार केला, की पॅसिफिकमधल्या आपापल्या बेटांवर नवे नाविक तळ नकोत, नव्या तटबंद्या नकोत. ब्रिटिशांची बंदी मात्र एकशे दहाव्या रेखांशाच्या पूर्वेलाच. हाँगकाँग अडकलं, सिंगापूर रेघेच्या पश्चिमेला, त्याला मोकळं रान — आणि तिथल्या दलदलीत भराव घालून अवाढव्य तळ उभा राहिला. शांततेसाठी ओढलेल्या या रेघेच्या अलीकडे-पलीकडे जी माणसं राहत होती, त्यांना कुणी एका शब्दाने तरी विचारलं होतं का, एवढंच तिने लिहिलं होतं.

"करार तोफांबद्दल होता. माणसांचं विचारलंस तर परीक्षक म्हणतील, ही तक्रार आहे, संशोधन नव्हे."

तक्रार... ती तर आपण कधी केलीच नाही. पहिल्या वर्षी मार्लीसने 'वसाहत' खोडून 'प्रदेश' लिहायला सांगितलं, लिहिलं. मागच्या महिन्यात पुण्यात बाबा गेले, तेव्हा भारताकडची विमानं बंद होती — आणि फोनवर तिकीट नाही म्हणणाऱ्या विमान कंपनीच्या बाईलासुद्धा आपण शेवटी थँक्यू म्हणालो... आत्ताही 'सॉरी' जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. तिने ते गिळलं.

"वाक्य राहील," ती म्हणाली.

मार्लीसने चष्मा काढला. "मग प्रबंध समितीकडे पाठवायचा की नाही, याचा मला विचार करावा लागेल."

"करा."

कॉल संपला. विश्वास, तिचा नवरा, हेडफोन गळ्यात अडकवून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ऑगस्टमध्ये विद्यापीठाचं तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मृणा. एका वाक्यासाठी?"

"चारशे पानांत तेवढंच माझं आहे, विश्वास."

गार झालेला चहा त्याने पुन्हा गॅसवर चढवला.

तिने ते पान उघडलं. वाक्याच्या आरंभी 'कदाचित' होतं... हे कुणी सांगितलं होतं घालायला? कुणीच नाही. तिचं तिनेच घातलं होतं, कुणाला लागू नये म्हणून उशी ठेवावी तसं. तिने ते काढून टाकलं. वाक्य उघडं पडलं, धारदार दिसायला लागलं. भीती होतीच — पण ती आता वाट अडवून उभी नव्हती, शेजारी येऊन बसली होती, बसू दे... आणि कित्येक दिवसांनी तिला सडकून भूक लागली.